लार्ज फॉरमॅट फिल्म आणि स्टुडिओ फ्लॅश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका लहानशा स्टुडिओत मी ४×५ इंची शीट फिल्मवर व्यक्तिचित्रे आणि वस्तुचित्रे काढतो. डिजिटल कॅमेऱ्यावर फ्लॅश वापरण्याचा चांगला सराव असलेली मंडळी भात्याच्या, म्हणजे लार्ज फॉरमॅट, कॅमेऱ्याकडे वळतात, तेव्हा त्यांची पहिली दोन-तीन शीट्स बहुधा कोरी तरी निघतात किंवा फिकी तरी. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची माझ्या कामातून तयार झालेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. या कॅमेऱ्यावर आधी ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र, ठरते आणि मग त्या ॲपर्चरला पुरेल एवढा प्रकाश उभा करावा लागतो.

डिजिटल कॅमेऱ्याला पुरणारा फ्लॅश लार्ज फॉरमॅटला अपुरा का पडतो?

फिल्मचा आकार वाढला की तेवढेच दृश्य टिपण्यासाठी लांब फोकल लेंग्थची लेन्स लागते. ३५ मिमी कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स सर्वसाधारण मानली जाते. तिची जागा ४×५ वर १५० मिमीची लेन्स घेते, तर ८×१० वर ३०० मिमीची. फोकल लेंग्थ वाढते तशी स्पष्टतेची खोली झपाट्याने कमी होते आणि ती परत मिळवण्यासाठी ॲपर्चर बारीक करावे लागते (एफचा आकडा जितका मोठा, तितके ॲपर्चर बारीक).

एक उदाहरण घेऊ. ४×५ वर २४० मिमी लेन्सने डोके आणि खांदे येतील असे व्यक्तिचित्र काढायचे असेल, तर कॅमेरा व्यक्तीपासून साधारण सव्वा मीटरवर येतो. अशा मांडणीत एफ/५.६ ला स्पष्टतेची खोली जेमतेम अडीच सेंटीमीटर असते. एफ/१६ ला ती सुमारे ७ सेंटीमीटर होते आणि एफ/२२ ला साडेनऊच्या आसपास जाते. डोळ्यापासून कानापर्यंतचे अंतर लक्षात घेतले, तर एफ/२२ वर काम करणे ही चैन नव्हे हे पटेल. वस्तुचित्रात एफ/३२ आणि एफ/४५ ही रोजची ॲपर्चर आहेत. डिजिटलवर एफ/८ ला काम करणारा माणूस एफ/३२ वर आला, की त्याला चार स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट) म्हणजे सोळा पट प्रकाश लागतो. बाकीच्या साऱ्या अडचणी या सोळा पटीतून निघतात.

मग किती वॉट-सेकंदांचा फ्लॅश घ्यावा?

वॉट-सेकंद हा आकडा कपॅसिटरमध्ये साठणाऱ्या विजेचा असतो. विषयावर प्रत्यक्ष किती प्रकाश पोहोचेल हे रिफ्लेक्टर, सॉफ्टबॉक्स आणि अंतर यांवर ठरते. साध्या चांदीच्या रिफ्लेक्टरऐवजी दोन पडद्यांचा सॉफ्टबॉक्स लावला की एक ते दोन स्टॉप सहज जातात. दिवा १ मीटरवरून १.४ मीटरवर नेला की एक स्टॉप जातो आणि २ मीटरवर नेला की दोन.

तरीही विकत घेताना आकडा हवाच असतो, म्हणून सांगतो. ४×५ वर व्यक्तिचित्रांसाठी मुख्य दिवा ६०० वॉट-सेकंदांचा असेल आणि फिल्म ४०० आयएसओची असेल, तर काम नीट चालते. १०० आयएसओच्या फिल्मवर मोठ्या सॉफ्टबॉक्समधून एफ/३२ हवे असेल, तर १२०० ते २४०० वॉट-सेकंदांचा पॅक (कपॅसिटरची वेगळी पेटी, जिला दिवे केबलने जोडतात) लागेल. ८×१० साठी त्याहून अधिक लागतो. ब्रॉनकलर, प्रोफोटो, स्पीडोट्रॉन या कंपन्यांचे वजनदार पॅक याच गरजेतून जाहिरातींच्या स्टुडिओंमध्ये रुजले.

मात्र शक्ती विकत घेण्यापूर्वी फिल्मचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. १०० ऐवजी ४०० आयएसओची फिल्म वापरली की दोन स्टॉप मिळतात, म्हणजे ६०० चा फ्लॅश २४०० च्या फ्लॅशचे काम करतो. ३५ मिमीवर ४०० ची फिल्म दाणेदार दिसते म्हणून लोक तिला बिचकतात, परंतु ४×५ चे क्षेत्रफळ ३५ मिमीच्या जवळजवळ पंधरा पट असते. १६×२० इंची प्रिंटमध्येही त्या दाण्यांचा त्रास होत नाही.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा एलईडीसारखा सतत जळणारा प्रकाश वापरला तर?

निर्जीव वस्तूंसाठी वापरता येतो आणि पुष्कळ लोक वापरतातही. अडचण वेळेची आहे. एफ/३२ किंवा एफ/४५ ला एक्स्पोजर काही सेकंदांचे होते आणि तेथे फिल्मचा रेसिप्रॉसिटी दोष सुरू होतो. हिशेबाने चार सेकंद आले तरी प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त द्यावे लागतात, आणि रंगीत फिल्मवर रंगही सरकतात. फ्लॅशच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. इलफर्डच्या एचपी५ प्लस या ४०० आयएसओच्या कृष्णधवल फिल्मला अर्ध्या सेकंदापासून १/१०,००० सेकंदापर्यंत कोणतीही दुरुस्ती लागत नाही, आणि स्टुडिओ फ्लॅशचा झोत या मर्यादेत आरामात बसतो.

माणसाच्या बाबतीत तर तुलनाच नको. अर्धा सेकंद निश्चल बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो ताठरपणा येतो, तो निगेटिव्हमध्ये स्पष्ट उतरतो. फ्लॅशमुळे त्याला श्वास घेता येतो.

कॅमेऱ्याला हॉट शू (फ्लॅश बसवण्याची वरची खाच) नसतो. फ्लॅश जोडायचा कसा?

लार्ज फॉरमॅटमध्ये शटर लेन्समध्येच असते आणि त्या शटरवर एक लहान गोल सॉकेट असते. त्याला पीसी सॉकेट म्हणतात. हे नाव प्रॉन्टर आणि कॉम्पूर या दोन शटरांच्या आद्याक्षरांवरून आले आहे, संगणकाशी त्याचा संबंध नाही. त्यात पीसी केबल घालून तिचे दुसरे टोक थेट फ्लॅशला किंवा रेडिओ ट्रिगरला जोडावे. मी ट्रिगर वेल्क्रोने ट्रायपॉडच्या पायाला चिकटवतो. तो लेन्सबोर्डाला (लेन्स बसवलेल्या फळीला) लटकवला तर त्याच्या वजनाने पुढचा स्टँडर्ड, म्हणजे ती फळी धरणारी चौकट, किंचित कलू शकतो.

पीसी केबल ही या साऱ्या साखळीतली सर्वांत नाजूक कडी आहे. ती सैल होते, आतून तुटते आणि ऐन वेळी दगा देते. दोन केबल जवळ ठेवाव्यात आणि प्रत्येक शीटपूर्वी डार्क स्लाइड (फिल्म होल्डरचे प्रकाश अडवणारे सरकते झाकण) न काढता एकदा फ्लॅश उडवून पाहावा.

लेन्समधले शटर पाकळ्यांचे असल्याने ते कोणत्याही वेगावर फ्लॅशशी जुळते. डिजिटल कॅमेऱ्यासारखी १/२०० ची मर्यादा येथे नसते.

शटरवर एम आणि एक्स अशी अक्षरे आहेत. फरक काय?

स्टुडिओ फ्लॅशसाठी नेहमी एक्स. एम ही खूण जुन्या फ्लॅशबल्बांसाठी होती. बल्बमधली धातूची तार पेटून पूर्ण प्रखर होण्यास सुमारे २० मिलिसेकंद लागत, म्हणून एम वर शटर आधी बल्ब पेटवते आणि पाकळ्या थोड्या उशिराने उघडते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला असा उशीर लागत नाही. अमेरिकेतील एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेल्या स्ट्रोबपासून आजच्या दिव्यांपर्यंत तत्त्व तेच आहे. कपॅसिटरमधली वीज वायूच्या नळीतून क्षणात सोडली जाते आणि प्रकाश तत्काळ पडतो. शटर एम वर राहिले तर पाकळ्या उघडण्यापूर्वीच फ्लॅश संपतो आणि शीट कोरे निघते.

मी एक जुनी लेन्स घेतली होती. विक्रेत्याने सिंक व्यवस्थित असल्याचे सांगितले होते आणि फ्लॅश उडतही होता. एका कुटुंबाची सहा शीट्स घेतली आणि सहाही कोरी निघाली. शटरची एम-एक्स कळ बाहेरून एक्स वर दिसत होती, पण आत निखळून एम वरच अडकली होती. त्या दिवशी जे आजोबा खुर्चीवर बसले होते, त्यांना पुन्हा बोलावण्याची संधी मला मिळाली नाही. तेव्हापासून दुसऱ्या हाताने घेतलेले प्रत्येक शटर मी पुढील पद्धतीने तपासतो आणि आपणही तपासावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लेन्स कॅमेऱ्यावरून काढावी, ॲपर्चर पूर्ण उघडावे, फ्लॅश पांढऱ्या भिंतीकडे वळवावा आणि लेन्सच्या मागून त्या भिंतीकडे पाहत शटर दाबावे. लखलखाटात पूर्ण गोल दिसला तर सिंक बरोबर आहे. चांदणीसारखा आकार दिसला तर पाकळ्या अर्धवट उघडल्या असताना फ्लॅश उडतो आहे. अंधारच दिसला तर ते शटर दुरुस्तीला द्यावे. ही तपासणी प्रत्येक वेगावर करावी.

शटरचा वेग किती ठेवावा? सगळ्यात जलद ठेवला तर खोलीतला प्रकाश येणार नाही ना?

तसे वाटते खरे, पण त्यात धोका आहे. मोठ्या पॅकचा झोत पूर्ण शक्तीवर बराच लांब असतो. माहितीपत्रकात बहुधा प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतचा काळ दिलेला असतो, तर झोताची शेपटी त्याच्या साधारण तिप्पट काळ रेंगाळते. कागदावर १/३०० सेकंद असलेला झोत प्रत्यक्षात १/१०० पर्यंत पुरतो. अशा वेळी १/५०० वेग ठेवला तर आपण आपलाच प्रकाश छाटून टाकतो आणि निगेटिव्ह फिकी निघते. मी १/६० किंवा १/१२५ वर राहतो. एफ/२२ ला खोलीतले साधे दिवे या वेगांवर फिल्मवर उमटतच नाहीत. शिवाय मोठ्या लेन्सच्या कोपाल ३ शटरचा कमाल वेगच १/१२५ आहे, त्यामुळे तेथे प्रश्नच उरत नाही.

माझ्या जुन्या लेन्सला शटरच नाही. तिच्यावर फ्लॅश वापरता येईल का?

उत्तम प्रकारे येईल. खोली अंधारी करावी, लेन्सची टोपी काढावी, फ्लॅश हाताने उडवावा आणि टोपी परत लावावी. येथे फ्लॅशच शटरचे काम करतो. व्यक्तिचित्रासाठीही ही पद्धत चालते, मात्र समोरच्या माणसाला अंधाराची आधी कल्पना द्यावी.

भात्याच्या लांबीमुळे एक्स्पोजर बदलते म्हणजे नेमके काय होते?

लेन्सवरचा एफ आकडा हा लेन्स अनंत अंतरावर फोकस असताना खरा असतो. जवळच्या वस्तूवर फोकस करण्यासाठी भाता लांबवला की तोच प्रकाश फिल्मच्या पातळीवर जास्त जागेत पसरतो आणि क्षीण होतो. डिजिटल कॅमेऱ्यात हा हिशेब आतल्या आत होऊन जातो, म्हणून अनेकांना त्याची सवयच नसते. येथे तो आपण करायचा आहे. लेन्सबोर्डापासून ग्राउंड ग्लासपर्यंतचे (फोकस पाहण्याच्या मागच्या दुधी काचेपर्यंतचे) अंतर शिंप्याच्या टेपने मोजावे, त्याला फोकल लेंग्थने भागावे आणि आलेल्या संख्येचा वर्ग करावा. तेवढ्या पट प्रकाश वाढवावा.

१५० मिमीची लेन्स ३०० मिमीपर्यंत लांबवली, म्हणजे वस्तू फिल्मवर मूळ आकारात आली, तर चार पट म्हणजे दोन स्टॉप जास्त लागतात. वर सांगितलेल्या व्यक्तिचित्राच्या मांडणीतही अर्ध्या स्टॉपहून थोडे अधिक लागते. रंगीत ट्रान्सपरन्सीवर (थेट पॉझिटिव्ह चित्र देणाऱ्या स्लाइड फिल्मवर) अर्धा स्टॉप चुकला तर ते शीट वाया गेले असेच समजावे. निगेटिव्ह फिल्म हा दोष सोसते, पण सावल्यांमधला तपशील मात्र जातो.

माझा फ्लॅश एफ/३२ ला पुरत नाही. एकाच शीटवर अनेकदा फ्लॅश उडवला तर चालेल का?

वस्तू स्थिर असेल तर चालेल, आणि कमी साधनांत मोठे काम करण्याची हीच खरी वाट आहे. झोतांची संख्या दुप्पट केली की एक स्टॉप मिळतो. एका झोताला फ्लॅश मीटर एफ/१६ दाखवत असेल तर दोन झोतांना एफ/२२, चारांना एफ/३२, आठांना एफ/४५ आणि सोळांना एफ/६४. कॅमेऱ्यावर लावण्याचा साधा फ्लॅश ६० ते ७५ वॉट-सेकंदांच्या घरात असतो. तो आठदा उडवला की ६०० च्या दिव्याच्या जवळ जाता येते.

एक प्रत्यक्ष काम सांगतो. घरातल्या देव्हाऱ्यातली फूटभर उंचीची पितळी समई ४×५ वर उभी घ्यायची होती. १५० मिमीची लेन्स आणि फिल्मवर वस्तूच्या एक तृतीयांश आकार, म्हणून भाता २०० मिमीपर्यंत गेला. २०० भागिले १५० म्हणजे १.३३ आणि त्याचा वर्ग १.७८, म्हणजे पाऊण स्टॉपहून थोडे जास्त. वरच्या मोरापासून खालच्या बैठकीच्या पुढच्या काठापर्यंत सारे स्पष्ट हवे होते, म्हणून पुढचा स्टँडर्ड थोडा झुकवूनही एफ/३२ लागले. ६०० वॉट-सेकंदांचा दिवा ट्रेसिंग पेपरच्या पडद्यामागे होता आणि मीटरने १०० आयएसओला एफ/२२ दाखवले. एफ/२२ ते एफ/३२ हा एक स्टॉप आणि भात्याचा जवळजवळ एक, असे दोन स्टॉप. म्हणजे चार झोत.

पितळ हे आरशासारखे असते. त्याच्यावर प्रकाश टाकून उपयोग होत नाही, त्याला काहीतरी उजळ दाखवावे लागते. म्हणून दिवा थेट समईवर न रोखता तिच्या डावीकडे उभ्या केलेल्या मोठ्या ट्रेसिंग पेपरला उजळवले आणि समईच्या दांड्यावर तो कागद एका लांब, मऊ पट्टीसारखा उमटला. उजवीकडे काळ्या कार्डबोर्डची दोन बोटे रुंदीची पट्टी उभी केली, तेव्हा कुठे दांड्याची ती कड पार्श्वभूमीपासून सुटी झाली. ग्राउंड ग्लासवर उलट्या दिसणाऱ्या त्या समईत माझा पांढरा सदराही दिसत होता. तो बदलून काळा घालावा लागला.

अनेक झोत देताना शटर प्रत्येक वेळी ओढावे (स्प्रिंग ताणून सज्ज करावे), की उघडेच ठेवावे?

शक्य असेल तर खोली अंधारी करून शटर टी वर (पुन्हा दाबेपर्यंत उघडे राहण्याच्या खुणेवर) उघडे ठेवावे. प्रत्येक वेळी शटरची कळ ओढताना लेन्स अंशभर हलण्याचा धोका असतो, आणि लार्ज फॉरमॅटच्या निगेटिव्हमध्ये तो अंशही दिसतो. मॉडेलिंग लॅम्प (मांडणी पाहण्यासाठी फ्लॅशमध्ये सतत जळणारे लहान दिवे) आठवणीने बंद करावेत, नाहीतर ते आपला पिवळा प्रकाश संपूर्ण वेळ फिल्मवर ओतत राहतात. पंखा बंद करावा. जुन्या वाड्यातली लाकडी फळ्यांची जमीन असेल तर झोत संपेपर्यंत जागचे हलू नये. दर झोतापूर्वी फ्लॅश पूर्ण चार्ज झाल्याची खूण येईपर्यंत थांबावे. घाई केल्यास पुढचे झोत अशक्त येतात आणि सारा हिशेब बिघडतो.

तुकड्यातुकड्यांनी दिलेला प्रकाश एकदम दिलेल्या प्रकाशाइतका परिणाम करतो का?

काटेकोरपणे पाहिले तर किंचित कमी करतो. चार किंवा आठ झोतांपर्यंत मला निगेटिव्हमध्ये फरक जाणवलेला नाही. सोळा आणि त्यापुढे मी एक-दोन झोत वरून देतो. सूक्ष्म फेरबदलासाठीही झोत उपयोगी पडतात. तीन झोतांऐवजी चार दिले की ०.४ स्टॉपचा फरक पडतो, आणि ट्रान्सपरन्सीचे ब्रॅकेटिंग करण्यास (थोड्या कमी-जास्त एक्स्पोजरची शीट्स घेण्यास) तो अगदी नेमका आहे.

समईची ज्योतही दिसायला हवी असेल तर?

फ्लॅशचे एक्स्पोजर ॲपर्चर ठरवते आणि ज्योतीचे शटरचा वेळ ठरवतो, म्हणून ही दोन कामे वेगळी करावीत. आधी वाती न पेटवता अंधारात चारही झोत द्यावेत आणि शटर बंद करावे. मग समईला धक्का न लावता उदबत्तीने वाती पेटवाव्यात, ज्योत स्थिर होऊ द्यावी आणि त्याच शीटवर फ्लॅशशिवाय दुसरे लहान एक्स्पोजर द्यावे. ते १/८ सेकंदाचे असावे की १ सेकंदाचे, हे आधी डिजिटल कॅमेऱ्यावर त्याच ॲपर्चरला पाहून ठरवावे आणि त्यात भात्याचा हिशेब मिळवावा. जास्त वेळ दिला तर ज्योतीचा आकार हरवून पांढरा ठिपका उरतो. तेल आधीच काठोकाठ भरू नये, कारण त्याची थरथर फिल्मवर दिसते.

व्यक्तिचित्रात फोकस केल्यावर होल्डर घालेपर्यंत माणूस हलतो. काय करावे?

लार्ज फॉरमॅटच्या व्यक्तिचित्रातली ही सर्वांत खरी अडचण आहे. फोकस करून लेन्स बंद करावी, ॲपर्चर लावावे, शटर ओढावे, होल्डर सरकवावा आणि डार्क स्लाइड काढावी, एवढ्यात पंधरा-वीस सेकंद जातात आणि तेवढ्यात बसलेला माणूस सहज चार-पाच सेंटीमीटर पुढेमागे होतो. एफ/१६ च्या ७ सेंटीमीटरांत ते कसे मावणार? म्हणूनच मी येथे ४०० ची फिल्म वापरून एफ/२२ गाठतो.

दोन युक्त्या कामाच्या आहेत. पाठ टेकवता येईल अशी खुर्ची द्यावी आणि डोक्यामागे कॅमेऱ्यातून न दिसणारा एखादा टेकू उभा करावा. दुसरी युक्ती दोऱ्याची. लेन्सबोर्डाच्या खालून एक दोरा बांधावा, फोकस करताना तो ताणून माणसाच्या गालाच्या हाडाला टेकेल तेथे गाठ मारावी आणि शटर दाबण्यापूर्वी तीच गाठ पुन्हा गालाला लावून पाहावी. मग दोरा सोडून द्यावा आणि लगेच शटर दाबावे. नऊवारीतल्या एका आजींना मी हा दोरा त्यांच्याच हातात धरायला दिला होता. त्यांनी गाठ चिमटीत धरून प्रत्येक वेळी स्वतःच अंतर जुळवले आणि चारही शीट्समध्ये पापण्यांचे केस मोजता येतील असे आले.

होल्डर घातल्यानंतर आपल्याला कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही. ही उणीव मानू नये. केबल रिलीज हातात घेऊन कॅमेऱ्याशेजारी उभे राहावे आणि त्या माणसाशी बोलावे. त्याची नजर काचेऐवजी माणसाकडे असते, आणि चित्राला त्याचा फायदाच होतो.

समोरच्या व्यक्तीला फिट येण्याचा किंवा लखलखत्या प्रकाशाचा त्रास आहे का, हे आधी जरूर विचारावे.

ग्राउंड ग्लासवर इतका अंधार असतो की फोकसच कळत नाही.

मॉडेलिंग लॅम्प सॉफ्टबॉक्समधून अपुरा पडतो. फोकस करण्यापुरता एक वेगळा प्रखर एलईडी दिवा जवळ आणावा आणि नंतर हलवावा. काळे कापड दाट विणीचे असावे. भिंग काचेला टेकवूनच पाहावे. व्यक्तिचित्रात माणसाला गालाजवळ छापील अक्षरांचा कागद धरायला सांगितले, तर डोळ्यापेक्षा अक्षरांवर फोकस लवकर सापडतो.

पूर्वी पोलरॉइडवर प्रकाश पाहून घेत. आता काय करायचे?

पोलरॉइडने २००८ मध्ये इन्स्टंट फिल्म बंद केली आणि फुजीची एफपी-१००सी २०१६ मध्ये बंद झाली. ते काम आता डिजिटल कॅमेऱ्याला करावे लागते. तो १०० आयएसओवर ठेवून मीटरने दाखवलेले ॲपर्चर लावावे आणि सावल्या, चमक, चष्म्यातली प्रतिबिंबे पाहून घ्यावीत. प्रकाशाची मांडणी त्यात खरी दिसते. एक्स्पोजर मात्र त्यावरून ठरवू नये, कारण त्यात आपल्या भात्याचा हिशेब नसतो आणि पडद्यावरचे चित्र फिल्मच्या सहनशक्तीबद्दल काही सांगत नाही.

एक्स्पोजरसाठी हाती धरण्याचा फ्लॅश मीटरच घ्यावा. त्याचा पांढरा घुमट विषयाजवळ धरून लेन्सकडे वळवावा. अनेक झोतांची बेरीज दाखवणारा मीटर मिळाला तर वस्तुचित्रांत फार सोय होते.

कोणती फिल्म घ्यावी? रंग बरोबर येतात का?

कृष्णधवलमध्ये व्यक्तिचित्रांसाठी एचपी५ प्लस किंवा कोडॅकची ट्राय-एक्स ३२०, आणि वस्तुचित्रांसाठी एफपी४ प्लस किंवा डेल्टा १००. रंगीत निगेटिव्हमध्ये पोर्ट्रा १६० आणि ४०० दोन्ही शीटमध्ये मिळतात. फ्लॅशचा प्रकाश ५५०० केल्व्हिनच्या आसपास असल्याने डेलाइट फिल्मवर वेगळा फिल्टर लागत नाही. जुन्या, लेप नसलेल्या नळ्या अतिनील किरण सोडतात आणि पांढरे कापड ट्रान्सपरन्सीवर निळसर येते. तेथे नळीवर लेप दिलेले काचेचे आवरण घालावे किंवा लेन्सवर हलका उबदार फिल्टर लावावा.

परदेशातून जुना पॅक मागवला तर?

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकरवी स्वस्तात पॅक आणणारे बरेच जण भेटतात. तेथील पॅक बहुधा १२० व्होल्टचे असतात आणि आपल्याकडे २३० व्होल्ट आहेत. मिक्सरसाठी मिळणारा लहान ट्रान्सफॉर्मर येथे जळेल. चार्ज होताना २४०० चा पॅक क्षणभर प्रचंड वीज ओढतो, म्हणून भारी क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, १६ ॲम्पिअरचे सॉकेट आणि खात्रीचे अर्थिंग हवे. वर्षानुवर्षे पडून असलेला पॅक थेट पूर्ण शक्तीवर कधीही उडवू नये. किमान शक्तीवर चालू करून काही तास तसाच ठेवावा आणि मग हळूहळू शक्ती वाढवत न्यावी, म्हणजे कपॅसिटर पुन्हा कार्यक्षम होतात. दिव्याची केबल काढण्यापूर्वी पॅक बंद करून त्यातील वीज सोडून द्यावी. पॅक उघडण्याच्या फंदात पडू नये. प्लग काढल्यानंतरही आत प्राण घेण्याइतकी वीज शिल्लक असू शकते. येथे मी कोणतीही सवलत देणार नाही.

जुन्या फ्लॅशच्या सिंक सॉकेटवरही कधी कधी २०० व्होल्टच्या वर दाब असतो. यांत्रिक शटर ते सोसते, पण बोटाला झटका बसतो आणि डिजिटल कॅमेरा किंवा रेडिओ ट्रिगर बिघडू शकतो. मल्टीमीटरने मोजून मगच जोडावे.

पावसाळ्यात शीट फिल्मची काळजी कशी घ्यावी?

मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की उघडा डबा चार दिवसांत ओलावा पकडतो. फिल्म हवाबंद पिशवीत फ्रीजमध्ये ठेवावी आणि वापरण्यापूर्वी तीन तास बाहेर काढून पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. होल्डर आदल्या दिवशी न भरता त्याच दिवशी भरावेत. चेंजिंग बॅगेत (फिल्म भरण्याच्या प्रकाशबंद पिशवीत) हाताला घाम येतो आणि ओले बोट इमल्शनवर, म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदी थरावर, कायमचा डाग सोडते, त्यामुळे शक्य असल्यास रात्री पूर्ण अंधाऱ्या खोलीत भरणे चांगले. शीट उभे धरल्यावर कडेच्या खाचा वरच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात आल्या, की इमल्शन आपल्याकडे असते. डार्क स्लाइडची पांढरी बाजू बाहेर ठेवावी आणि फ्लॅश उडाल्यानंतर तीच स्लाइड काळी बाजू बाहेर करून परत घालावी. अनेक झोतांच्या कामात मात्र शेवटचा झोत होऊन शटर बंद झाल्याशिवाय स्लाइडला हात लावू नये.